कोकिळेचं पिल्लू आपलं नाही हे कावळ्याला कधी कळतं? कळल्यावर तो त्याला मारतो का?

मारत नाही. हे मी गेली पाच वर्षं आमच्या भावोजींना सांगतेय, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आमचं घर डोंबिवलीला, तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर गुलमोहर आहे आणि त्यावर कावळ्याचं घरटं होतं. ओट्यापाशी उभं राहिलं की वरून थेट आत दिसायचं. काड्या कमी, केबलवाल्याच्या वायरीच जास्त. एक मोडका हँगरसुद्धा. मे महिन्यात एका सकाळी काळा कोकीळ समोरच्या गच्चीच्या कठड्यावर येऊन बोंबलायला लागला. कावळा-कावळी दोघंही त्याच्या मागे धावली. तेवढ्यात पांढऱ्या ठिपक्यांची तपकिरी मादी पानांतून आत शिरली. मी गॅसवर दूध ठेवलं होतं, ते वर यायच्या आत बाई बाहेर! (कोकिळा गाते ही कवींची कृपा. गातो तो नर, मादी नुसती किक् किक् करते.) मग पाहिलं तर घरट्यात एक अंडं जरासं लहान. रंग हिरवटच, ठिपकेही तसलेच. कावळी आली, चोचीने अंडी सारखी केली आणि बसली.

ते अंडं आधी फुटलं. कोकिळेचं दोन-तीन दिवस आधीच फुटतं, त्यामुळे ते पोर घास मिळवण्यात पुढे. कावळ्याच्या पिल्लांपैकी एकच जगलं, पण ते आणि हे शेवटपर्यंत एकाच घरट्यात होते.

जूनमध्ये एका रविवारी कोकिळेचं पिल्लू खाली आलं आणि पार्किंगच्या भिंतीवर बसलं. धड उडता येत नव्हतं. कावळी त्याच्या वासलेल्या चोचीत भिजलेल्या पोळीचा तुकडा कोंबताना मी स्वतः पाहिलं. अर्ध्या तासाने भावोजी जेवायला आले. ते "पक्षीमित्र" आहेत, म्हणजे त्यांच्याकडे दुर्बीण आहे. पिल्लू उचलायला वाकले आणि दोन्ही कावळे त्यांच्या डोक्यावर तुटून पडले. भावोजींचं म्हणणं: कावळ्यांना पिल्लू परकं असल्याचं कळलं, ते त्याला टोचून मारत होते आणि मी वाचवलं. बुटाच्या खोक्यातून ठाण्याला नेलं, दूध-पाव भरवला. तिसऱ्या दिवशी पिल्लू मेलं. पक्ष्यांना दूध पचत नाही हो! दर गणपतीत ही गोष्ट शेवटचा भाग गाळून सांगितली जाते.

आता तुमचा प्रश्न. कावळा मूर्ख नाही. त्याची सगळी लढाई घरट्याबाहेर असते. मोठा कोकीळ दिसला की तो पिटाळून लावतो. पण एकदा अंडं आत पडलं की सहसा हरकत घेत नाही. माझ्या मते यात हिशेब आहे. संशयाने अंडी फेकायला लागला तर एखादं स्वतःचंच फेकलं जायचं. आणि आपल्या कोकिळेचं पिल्लू दुसऱ्यांना बाहेर ढकलत नाही, म्हणून कावळ्याचं निदान एखादं पोर वाचतं. युरोपातल्या कक्कूचं तसं नाही. त्याचं डोळेही न उघडलेलं पिल्लू बाकीची अंडी पाठीवर घेऊन घरट्याबाहेर लोटतं. हे देवीच्या लशीवाल्या एडवर्ड जेन्नरने 1788 साली लिहिलं, तेव्हा लोकांना पटेना. कक्कू ज्यांच्या घरट्यात अंडी घालते ते तिथले बोरूच्या बेटांत राहणारे वटवटे, म्हणजे छोटे पक्षी, परकं अंडं ओळखून टाकून द्यायला शिकले, आणि कक्कूची अंडीही त्यांच्यासारखी दिसायला लागली. ऑस्ट्रेलियातली फेअरी रेन ही चिमुकली पक्षीण तर अंड्यातल्या पिल्लांना आधीच एक सूर ऐकवते. जन्मल्यावर पिल्लाने तो सूर लावला नाही तर त्याला वाऱ्यावर सोडते. म्हणजे "कळणं" प्रत्येकाचं वेगळं. आपल्याकडे पावशा आणि चातक सातभाईंच्या घरट्यात निळी अंडी घालतात, सातभाईंचीही निळीच. ओळखणार कसं?

तेव्हा भिंतीवर पिल्लू दिसलं तर उचलू नका. आईबाप जवळच असतात, मग ते कुठल्या का जातीचे असेनात. मांजराची भीती वाटली तर वरच्या फांदीवर ठेवा आणि घरात या. रक्त येत असेल तरच पक्षी वाचवणाऱ्यांना फोन करा.

हे एका घरट्यावरून सांगतेय, मी काही तज्ज्ञ नाही. मोठा झालेला कोकीळ कावळ्यांचा मार खातो, तेही मी पाहिलंय. पण भावोजी, त्या दिवशी पिल्लाच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. तुमच्या टकलावर तीन होते, डेटॉल मीच लावलं होतं.