सांगोल्यातल्या डाळिंबावर मिलीबग: मित्रकिडे सोडून फवारणी थांबवता येईल का?

तुमचा प्रश्न दोन एकर डाळिंब, मिलीबग (पिठ्या ढेकूण) आणि ही कीड खाणाऱ्या, विकत मिळणाऱ्या क्रिप्टोलिमस भुंगेऱ्यांचा आहे. भुंगेरे बागेत जरूर सोडा, पण आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा. मिलीबगचा चिकट गोड स्राव मुंग्या खातात आणि त्या बदल्यात भुंगेऱ्याला जवळ फिरकू देत नाहीत. डाळिंबाला तीन-चार खोडं, म्हणून चिकटपट्टी प्रत्येक खोडाला लावायची. तरी मुंग्या वर दिसल्याच तर बांबू आणि सुतळ्या बघा, जमिनीला टेकलेल्या फांद्या बघा. त्यांना तेवढा रस्ता पुरतो.

दुसरं म्हणजे गड्यांना अळी ओळखायला शिकवा. या भुंगेऱ्याची अळी अंगावर पांढरे मेणाचे धागे घेऊन फिरते, हुबेहूब मिलीबगसारखी. पण ती आकाराने बरीच मोठी आणि चपळ असते. फळाच्या देठाजवळ अशी पांढरी अळी झपाझप चालताना दिसली तर चिरडू नका, खरं काम तीच करते. प्रौढ भुंगेरा काळपट, डोक्याकडून नारिंगी, चारेक मिलिमीटरचा. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, 1898 साली कॉफीवरच्या किडीसाठी भारतात आणलेला.

आपल्याकडे साधारण हेक्टरी 1500 सांगतात, म्हणजे तुम्हाला हजार-बाराशे पुरतील. बागभर उधळू नका. लागण झालेल्या झाडांवर, ऊन उतरल्यावर सोडा. खायलाच काही नसेल तर ते उडून जातात.

फवारणी पूर्ण थांबेल असं मात्र कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. क्रिप्टोलिमस फुलकिड्यांच्या वाटेला जात नाही, आणि फुलोऱ्यात फुलकिड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारलं की सोडलेले भुंगेरेही गेले. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक तर नकोच. त्यानं कोळी खाणारे भक्षक कोळी मरतात आणि लाल कोळी ही कीड उलट वाढते. मिलीबगवर मध्येच काही मारायची वेळ आली तर व्हर्टिसिलियम ही किडीला मारणारी बुरशी त्यातल्या त्यात चालते.

म्हणून फुलोरा उरकून, फळं सेट झाल्यावर सोडा. मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा) धरला असेल तर हे छान जुळतं. आंबे बहाराला (हिवाळ्याअखेरचा फुलोरा) फळं फुगताना सोलापूरचा पारा चाळिशीपार असतो, तेव्हा मी तरी निव्वळ भुंगेऱ्यांच्या भरवशावर बाग सोडणार नाही.