‘काय बी चालतंय’ म्हणणारा मुलगा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्वतःचं छोटं वर्कशॉप चालवणाऱ्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. स्वतः आयटीआय झालेले टर्नर, म्हणजे लेथवर धातू कापणारे कारागीर. मुलगा आठवीत, गुण ८८ टक्के. पत्रातला मुख्य भाग असा:

“लहानपणी पोरगं डोकं खायचं. शनिवारी शाळा सुटली की वर्कशॉपला यायचं, हे काय, ते असं का, सारखं सुरू. लोखंडाचा कीस निळा का होतो, हे त्यानं मला दहा वेळा विचारलं असेल. पाचवीला गेल्यावर अभ्यास वाढला म्हणून मी त्याला तिकडं आणायचं बंद केलं. आता विचारणं थांबलंय. काही शिकवायला गेलं तर म्हणतो, ‘परीक्षेला आहे का हे?’ पुढं काय करणार म्हटलं तर, ‘काय बी चालतंय, तुम्ही म्हणाल ते.’ वेळ मिळाला की मोबाइलवर जुनी कुलपं उघडायचे, गंजलेल्या मशिनी दुरुस्त करायचे व्हिडिओ बघत बसतो. त्याचं काय करावं? एका क्लासवाल्यांनी आठवीपासून फाउंडेशन बॅच सुचवली आहे, फी बरीच आहे. त्याला डॉक्टर करावं की इंजिनिअर? आणि शाळेनंच त्याला असं केलं का?”

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यातली सगळ्यात चांगली बातमी तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. गंजलेली मशीन उघडून, घासून, पुन्हा चालू होताना तासभर बघणाऱ्या मुलाचं कुतूहल मेलेलं नसतं. ते तुमच्या आणि शाळेच्या समोर यायचं बंद झालंय, एवढंच. कुठे बोलून उपयोग होतो आणि कुठे होत नाही, हे मुलांना फार लवकर कळतं.

पत्राच्या शेवटी तुम्ही आणखी एक आठवण लिहिली आहे, ती मला सोडवत नाही. चौथीत असताना तुम्ही त्याला किरणोत्सवाला अंबाबाईच्या देवळात नेलं होतं. घरी येताना त्यानं विचारलं, “नोव्हेंबरात पण आणि जानेवारीत पण का? मधल्या दिवसांत सूर्य कुठं जातो?” तुमची त्या आठवड्यात ऑर्डर अडकली होती, तुम्ही म्हणालात, सरांना विचार. सर म्हणाले, ते पुढच्या इयत्तेत आहे.

या प्रश्नाचं उत्तर मी इथं सविस्तर देतो, कारण तुमच्या मोठ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. किरणोत्सवाचे दिवस ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी असे धरले जातात. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात आणि तीन दिवसांत देवीच्या पायांपासून मुखापर्यंत चढतात. सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. पावसाळ्यानंतर मावळतीची जागा दररोज थोडी थोडी दक्षिणेकडे सरकते, २२ डिसेंबरच्या सुमाराला ती शेवटच्या टोकाला जाते आणि तिथून माघारी फिरते. जाताना ज्या जागेवरून सूर्य गेला, येताना त्याच जागेवरून त्याला यावं लागतं. आता बोटांवर मोजा. १० नोव्हेंबर ते २२ डिसेंबर ४२ दिवस, २२ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४१ दिवस. म्हणजे दोन्ही किरणोत्सवांत सूर्य जवळपास त्याच ठिकाणी मावळतो. एकदा जाताना, एकदा येताना. ज्यांनी हे देऊळ बांधलं, त्यांनी मावळतीकडे किती वर्षं डोळे लावले असतील, याचा विचार केला की मला अजूनही भरून येतं.

नऊ वर्षांच्या मुलानं “मधल्या दिवसांत सूर्य कुठं जातो” असं विचारलं, तेव्हा त्यानं अगदी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. आणि सर खोटं बोलले नव्हते. भूगोलात उत्तरायण-दक्षिणायन पुढं येतंच. तुमच्या मुलानं ते वाचलं असेल, २२ डिसेंबर ही तारीख रिकाम्या जागी भरली असेल, गुणही मिळवले असतील. पण तोपर्यंत देवळातला तो प्रश्न त्याच्याजवळ राहिला नव्हता. उत्तर आलं तेव्हा हा तोच धागा आहे, असं सांगणारं त्याच्याशेजारी कुणी नव्हतं.

शाळेचं मुलांच्या कुतूहलाशी जे बिनसतं ते बहुतेक वेळा असंच. कुणी दुष्टपणा करत नाही. शाळेकडे उत्तरांचा ठरलेला क्रम असतो, पहिला धडा, दुसरा धडा. मुलाचे प्रश्न त्याच्या क्रमानं येतात, पाऊस पडला की, देवळात गेलं की, मशीन बंद पडली की. पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, समोर पन्नास मुलं, जूनमध्ये सुरू झालेला भाग परीक्षेआधी संपवायचा आणि वर शाळाबाह्य कामं. शिक्षक एका मुलाच्या प्रश्नापाशी थांबू शकत नाहीत. मुलगा दोनदा, चारदा विचारतो. मग त्याला समजतं की इथे प्रश्न विचारणं हे धड्याखालच्या स्वाध्यायाचं काम आहे, आपलं काम उत्तर लिहिणं. तेही पुस्तकातल्या शब्दांत, कारण स्वतःच्या शब्दांत लिहिलं की अर्धा गुण जाण्याची भीती.

मी शाळांमध्ये बोलायला जातो तेव्हा कोऱ्या चिठ्ठ्या वाटतो आणि सांगतो, मनातला कोणताही प्रश्न लिहा. चौथी-पाचवीची मुलं चिठ्ठीच्या दोन्ही बाजू भरतात आणि आणखी कागद मागतात. पंचगंगेला पूर येतो तेव्हा मासे कुठं जातात? गूळ घट्ट होतो मग काकवी का नाही होत? नववीच्या वर्गात चिठ्ठी वाटली की पहिला प्रश्न येतो, “सर, नाव लिहायचं का?” दुसरा येतो, “कशावर लिहायचं?” स्वप्नांचंही तसंच होतं. लहान वर्गात कुणाला केएमटीची बस चालवायची असते, कुणाला तालमीत वस्ताद व्हायचं असतं, एका पोरीला तर गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, व्हायचं होतं, कारण काहिलीतला रस कधी उतरवायचा हे सगळ्या गुऱ्हाळात त्याच एका माणसाला कळतं, असं तिनं पाहिलं होतं. नववीत जाईपर्यंत डॉक्टर, इंजिनिअर, आयटी, स्पर्धा परीक्षा एवढे चारच शब्द उरतात. ते वाईट शब्द नाहीत. पण त्या चारांपैकी एकही काम बहुतेक मुलांनी जवळून पाहिलेलं नसतं. काहिलीपाशी उभ्या राहिलेल्या त्या मुलीनं निदान एक माणूस काम करताना पाहिला होता.

म्हणून ‘काय बी चालतंय’ याला आळस समजू नका. प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर दुसऱ्या कुणाकडे तरी असतं, हे आठ वर्षं शिकलेल्या मुलानं दिलेलं ते प्रामाणिक उत्तर आहे. आपण काय व्हायचं याचंही उत्तर तुमच्याकडे असेल, असं त्याला वाटतं.

आता शाळेनं बिघडवलं का, याबद्दल. काही अंशी हो. पण कोल्हापुरात बसून शाळेला सरसकट दोष देणं मला जमणार नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोरांना शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दंडाची तरतूद केली. ज्यांना अक्षर शिवू दिलं जात नव्हतं, त्यांच्या घरात स्वप्न बघण्याची सोय त्या शाळेनं केली. तुम्ही-मी आज पत्रं लिहितो आहोत ते त्यामुळेच. काही लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि चित्रपटकार बाबूराव पेंटरांचं उदाहरण देतात. मेस्त्री घराण्यातला माणूस, शाळेतलं शिक्षण थोडकंच, आणि तरी १९१८ च्या सुमाराला या गावात स्वतःचा सिनेकॅमेरा तयार केला. खरं आहे. पण त्या घरात हातात पटाशी आणि ब्रश देणारं कुणीतरी होतं, वस्तू उघडून बघायला मुभा होती, सोबत तितकेच वेडे साथीदार होते. शाळा कमी होती म्हणून कॅमेरा झाला नाही, शिकण्याची दुसरी जागा भक्कम होती म्हणून झाला.

तुमच्या मुलाकडेही ती दुसरी जागा होती. शनिवारचं वर्कशॉप. ती पाचवीत बंद झाली. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, कारण तुम्ही ते त्याच्या भल्यासाठीच केलंत. आपल्या हाताला तेल लागतं तसं त्याच्या हाताला लागू नये, असं प्रत्येक कारागीर बापाला वाटतं. पण दादा, मुलानं त्यातून काय ऐकलं असेल? बाबा जे करतात ते अभ्यासात मोडत नाही.

आणि ते तर शंभर टक्के अभ्यासात मोडतं. त्याच्या निळ्या किसाचंच घ्या. पोलाद कापताना कीस तापतो, हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा चढतो आणि त्या पापुद्र्याच्या जाडीवर रंग ठरतो. कमी तापला तर पिवळसर, साधारण ३०० अंशांच्या आसपास निळा. साबणाच्या फुग्यावर आणि पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे रंग दिसतात, त्यांचं कारणही पापुद्र्याची जाडीच. लेथवर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तुकडा लावला की कीस लांब न निघता भुगा का पडतो? बिडात ग्राफाइटच्या पाकळ्या असतात, तिथे तो तुटतो. ओतकामाचा नमुना बनवणारा पॅटर्नवाला बिडासाठी मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर जास्त का धरतो? ओतलेला धातू थंड होताना आकसतो. यात रसायन आहे, प्रकाश आहे, शेकडेवारी आहे. तुम्हाला हे हातानं माहीत आहे, त्याला ते पुस्तकातून माहीत होणार आहे. दोघं एकमेकांना भेटला नाहीत तर दोघांचंही अर्धंच राहील.

तेव्हा शनिवार परत सुरू करा. काम करायला त्याला न्यायचं नाही, बघायला आणि विचारायला न्यायचं. डोळ्यांना गॉगल, बाह्या घट्ट, चालू लेथजवळ हातमोजे घालायचे नाहीत आणि मशिनीला तुम्ही सांगितल्याशिवाय हात नाही, हे नियम पक्के ठेवा. ऑर्डरच्या वहीची शेवटची पानं त्याच्या प्रश्नांसाठी मोकळी सोडा. त्यानं विचारलेलं तारीख घालून लिहा, तुमच्या हातानं. उत्तर येत नसेल तर “मला माहीत नाही, लिहून ठेवू” म्हणा. दोन वर्षांनी विज्ञानात तो धडा आला की वही उघडा. पहिले काही शनिवार तो काहीच विचारणार नाही, मोबाइल काढून बसेल. तेव्हा त्यातला एक व्हिडिओ तुम्ही त्याच्याशेजारी बसून शेवटपर्यंत बघा आणि तुम्हाला कारागीर म्हणून जे खटकेल ते बोला. “हा गंज असा काढतो होय? मी असतो तर...” एवढं पुरे आहे.

फाउंडेशन बॅचबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आत्ता नको. अशा बॅचमध्ये ज्यांची तयारी करून घेतात त्या जेईई आणि नीट या इंजिनिअरिंग-मेडिकलच्या प्रवेश परीक्षा अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात. आठवी-नववीत बीजगणित, भूमिती, गुणोत्तर पक्कं असणं आणि वाचलेलं समजणं एवढी तयारी पुरते, ती शाळेच्या पुस्तकावरून होते. ज्या मुलाचं दुखणं ‘परीक्षेला आहे का’ हेच आहे, त्याच्या संध्याकाळी आणखी परीक्षांनी भरू नका. गणितात कुठे अडत असेल तर तेवढ्यापुरती शिकवणी लावा.

शाळेत दोन गोष्टी विचारा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना १० दिवसांची कल्पना आहे, मुलांनी त्या दिवसांत गावातल्या सुतार, माळी, कुंभार, कलाकारांकडे जाऊन शिकावं अशी. मुख्याध्यापकांना भेटा आणि सांगा की एक दिवस माझं वर्कशॉप मुलांसाठी खुलं आहे. आपल्या वर्गासमोर वडील मायक्रोमीटर धरून समजावून सांगतायत, हे तुमच्या मुलानं एकदा पाहायला हवं. दुसरं, केंद्र सरकारची इन्स्पायर-मानक योजना. मुलांच्या मूळ कल्पना शाळेमार्फत जातात आणि निवड झाली तर प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये मिळतात. नववीत होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षाही देता येईल, त्यात प्रात्यक्षिक आणि प्रकल्पही असतो. पण यातलं काहीही तो स्वतः म्हणाला तरच. वहीतल्या प्रश्नांची पुन्हा स्पर्धा करून टाकली तर तो वहीही बंद करेल.

डॉक्टर की इंजिनिअर, हे आज ठरवायची गरज नाही. दहावीनंतरही रस्ते मोकळे असतात. गणित घेऊन विज्ञान शाखा, किंवा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि पुढे थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश. वस्तू का चालते यातच रमला तर आयसरसारख्या संस्थेत मूलभूत विज्ञान, वस्तू कशी दिसावी यात रमला तर डिझाइन. त्याला यंत्रं आवडतात म्हणून त्यानं तुमचंच वर्कशॉप पुढे चालवावं, असंही मनात धरू नका. कुलपं उघडताना बघणाऱ्या मुलाला कदाचित यंत्रापेक्षा कोडं आवडत असेल. ते अजून त्यालाही माहीत नाही.

किरणोत्सवाला वेळ आहे. तोपर्यंत दर रविवारी संध्याकाळी रंकाळ्याच्या चौपाटीवर एकच जागा धरून दोघं बसा. समोरच्या काठावरचं एखादं झाड खुणेला धरा आणि सूर्य त्याच्या किती डावीकडे सरकला, ते वहीत काढा. मग ९ नोव्हेंबरला वही घेऊनच महाद्वारात जा. चौथीतला प्रश्न तुम्हीच त्याला विचारा, तुम्हाला उत्तर माहीत आहे हे न सांगता. तो काय म्हणाला, ते मला जरूर कळवा. ढग आले तर पुन्हा ३१ जानेवारीला.