फौजदारी न्यायक्षेत्रात काम करायचं म्हणून त्याच विषयाची पदवी घ्यावी का?

घ्या, पण नेमकं कुठलं काम करायचंय ते ठरल्यावरच. गुन्ह्यांबद्दल कुतूहल आहे, एवढ्यावर प्रवेश घेऊ नका. कारण या एका नावाखाली येणाऱ्या नोकऱ्यांचे दरवाजे वेगवेगळे आहेत. सरकारी वकील व्हायचं तर कायद्याचं शिक्षण लागतं. फॉरेन्सिक लॅबमध्ये डीएनए तपासायचा तर जीवशास्त्र, रसायनशास्त्र पक्कं हवं. पोलिसांत बऱ्याच ठिकाणी कुठल्याही शाखेचा उमेदवार चालतो, मात्र शारीरिक चाचणी आणि चारित्र्य पडताळणी चुकत नाही. गुन्हेशास्त्राचा, म्हणजे गुन्हे का घडतात याच्या अभ्यासाचा, खरा उपयोग होतो तो प्रोबेशन अधिकारी (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या दोषींवर लक्ष ठेवणारा अधिकारी), कैद्यांचं पुनर्वसन, पीडितांना मदत अशा कामांत, आणि तिथे मनापासून काम करणाऱ्यांची फार गरज आहे. मी फौजदारी वकिलांच्या हाताखाली काम करते; आमचा बराचसा दिवस कागदांत जातो. जप्त केलेला चाकू कुणी सील केला, कुणाच्या ताब्यात कधी गेला, प्रत्येक वेळची सही आहे का. एक सही राहिली तरी बचाव पक्ष त्या पुराव्यावरच बोट ठेवतो. असं चिकाटीचं काम आवडेल का, हे स्वतःला आधी विचारा. पात्रतेचे नियम देशागणिक बदलतात, म्हणून फी भरण्याआधी हव्या त्या पदाची भरतीची जाहिरात वाचाच.