परसात चार बदकं पाळायची आहेत. खुराडं आणि टाकी घरीच बनवणार आहे. रोजची साफसफाई कमी राहील अशी रचना कशी करावी?

कोंबड्या पाळल्या असतील तर तो हिशेब बाजूला ठेवा. बदकं पाणी आणि खाणं यांच्यात सतत ये-जा करतात, चोचीतला चिखल पाण्यात धुतात, आणि त्यांची विष्ठाही पातळ. म्हणून मी आधी पाण्याची वाट ठरवेन, खुराड्याचा विचार नंतर.

टाकी जमिनीत खणू नका. उपसून उपसून कंबर मोडते. शंभरेक लिटरचा टब चिऱ्यांच्या ओट्यावर फूटभर उंच बसवा. तळाला दोन इंची पाईप आणि बॉल व्हॉल्व्ह. अर्धा इंची पाईप पिसांनी आणि गाळाने हमखास तुंबतो. पाईपला दर फुटाला पाव इंच उतार देऊन तोंड केळी, अळू किंवा माडाच्या आळ्यात सोडा. सकाळी व्हॉल्व्ह उघडला की टाकी रिकामी आणि केळीला खतपाणी. पंप-फिल्टरचा नाद मात्र नको. पिसं अडकली की तो उघडून साफ करणं हेच नवं काम होतं. टबावर चढायला चिऱ्यांच्या बुटक्या, रुंद पायऱ्या हव्यात.

पोहायला टाकी नसली तरी बदकांचं चालतं. पण डोळे आणि नाकपुड्या धुता येतील, म्हणजे डोकं बुडेल, इतकं खोल पाणी दिवसभर लागतंच. त्या पाण्याचं भांडं खड्ड्यात खडी भरून त्यावर ठेवा, म्हणजे सांडलेलं पाणी जिरेल. वर वाळूचा थर द्या. धारदार खडीने तळपायाला जखम होऊन पाय सुजतो. खाणं थोडं लांब, छपराखाली. भिजलेलं खाद्य रोज काढून टाका, कारण बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष कोंबड्यांपेक्षा बदकांना फार लवकर बाधतं.

खुराडं सोपं. बदकं दांडीवर बसत नाहीत, जमिनीवरच झोपतात. चारांना चार बाय चार फूट पुरे. खाली पेंढा किंवा भाताचं तूस, वरून रोज थोडं कोरडं टाकायचं. रात्री आत खाणं-पाणी दोन्ही ठेवू नका; मोठ्या बदकांना त्याने काही होत नाही आणि आतलं सगळं कोरडं राहतं. पिल्लं असतील तर मात्र दोन्ही हवं. अंडी बहुतेक पहाटेच देतात, त्यामुळे जरा उशिरा सोडलीत की परसभर शोधावी लागत नाहीत.

जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेड घ्या. षटकोनी कोंबडीजाळी कुत्रा फाडतो आणि मुंगूस फट शोधतोच. कोकणात असाल तर जोता चिऱ्यांचा दीड फूट उंच आणि पावसाचा मारा येतो त्या बाजूचं छप्पर पुढे काढलेलं हवं. बदकांना जोत्यावर चढायला-उतरायला लावलेल्या तिरक्या फळीला आडव्या पट्ट्या ठोका.

आणि एक भिंत पूर्ण उघडेल अशी करा. वाकून आत शिरावं लागलं की आठवड्याची साफसफाई महिन्यावर जाते.