स्नूक सोडायची तयारी गळ टाकायच्या आधीच होते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्लोरिडातल्या टाम्पाला येऊन वर्ष झालं, पुलाच्या पायथ्याशी रात्री ३९ इंची स्नूक, म्हणजे इथल्या खाड्यांतला मोठा मासा, गळाला लागली, फोटो काढून पाण्यात सोडली तर आडवी पडली, पाचेक मिनिटांनी कशीबशी खाली गेली. जगली असेल का? वजन करायचं राहिलं त्याचं काय? आणि घरचे म्हणतात, आपल्या पेणच्या जिताड्यासारखीच दिसते, मग आणली का नाहीस?

शेवटचं आधी संपवतो. आणली असतीत तर दंड झाला असता. आपल्या बाजूला, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताकडे, २८ ते ३३ इंचांमधलीच स्नूक ठेवता येते, तीही दिवसाला माणशी एक, हंगाम चालू असेल तर आणि परवान्यावर स्नूकचा वेगळा शिक्का असेल तरच. मे ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी असते. अटलांटिकच्या बाजूला मापं आणि तारखा थोड्या वेगळ्या आहेत. नियम मधूनमधून बदलतात, त्यामुळे निघण्यापूर्वी दरवेळी मत्स्य आयोगाचं पान बघा. बाजारात स्नूक विकायला तर १९५७ पासूनच बंदी आहे, म्हणून ती इथल्या मासळीच्या दुकानात कधी दिसली नसेल.

जिताड्याची आठवण मात्र अगदी बरोबर. पूर्वी शास्त्रज्ञ या दोघांना एकाच कुळात धरत असत. तसंच मोठं तोंड, तशीच खाडीच्या मुखाशी दबा धरून बसायची सवय. आणि एक साम्य डोळ्यांना दिसत नाही: दोघंही आयुष्य नर म्हणून सुरू करतात आणि वाढल्यावर मादी होतात. म्हणजे ३९ इंची स्नूक ही जवळपास खात्रीने मादीच. मी मुद्दाम ‘ती’ म्हणतोय. उन्हाळ्यात ती खाडीच्या मुखाशी अनेकदा अंडी सोडते, दरवेळी लाखोंनी. ३३ इंचांची वरची मर्यादा आहे ती तिच्यासाठीच.

आता जगली का. बहुधा हो. इथल्या सरकारी संशोधकांनी तपासलं होतं. गळाला लागून सोडलेल्या स्नूकमध्ये मरणाऱ्यांचं प्रमाण साधारण दोन टक्के निघालं. पण ती सरासरी झाली. पाच मिनिटं आडवी पडलेली मासळी त्या सरासरीतली नव्हे, आणि अशा वेळी खरा धोका थकव्यापेक्षा डॉल्फिन आणि शार्कचा. हे स्वतःच्या चुकीतून सांगतोय. माझी पहिली मोठी स्नूक मी जबड्याला धरून उभी लोंबकळत ठेवली होती. मित्राचा फोन लॉक, मग फ्लॅश नाही, मग ‘जरा हसून एक’. सोडल्यावर ती दिव्याच्या उजेडात पांढरं पोट दाखवत वाहत गेली आणि वीसेक फुटांवर डॉल्फिनने उचलली. तो फोटो अजून आहे, पण मी कुणाला दाखवत नाही.

तुम्ही लिहिलंय की बारीक दोरीवर पंचवीस मिनिटं खेळवली. घोळ तिथे झाला, सोडताना नाही. बारीक दोरीवर मोठा मासा काढणं इथे काही जण मर्दुमकी समजतात. मला ते पटत नाही. झुंज जितकी लांबते तितकं तिच्या स्नायूंत आम्ल साचतं, आणि उन्हाळ्यात पाणी गरम म्हणजे त्यात प्राणवायू आधीच कमी. पुलाजवळ किमान ३० पौंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, विणलेली दोरी आणि पुढे ४० पौंडी लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोरा, लावा. खांबांवरच्या कालवांच्या शिंपल्यांनी दोरी कापते, आणि स्नूकच्या कल्ल्याची कड वस्तऱ्यासारखी असते, म्हणूनही लीडर जाड हवा. जिवंत आमिष असेल तर गोल वळणाचा सर्कल हुक लावा. तो बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यात बसतो. त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. नैसर्गिक आमिषाला तीन तोंडी गळ लावणं तर नियमातच बसत नाही. गळ पोटात गेला असेल तर उपटत बसू नका, जवळून दोरी कापा.

हात ओले करूनच धरा. कोरड्या हाताने किंवा टॉवेलने तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. एक हात खालच्या ओठाला, दुसरा पोटाखाली, मासा आडवा. कल्ल्यात बोटं घालू नका, तिच्यासाठीही आणि तुमच्या बोटांसाठीही. ती पाण्यातच असू द्या, जोडीदाराने कॅमेरा तयार ठेवला की मगच उचला. तुम्ही श्वास रोखून धरा. तुम्हाला घ्यावासा वाटला की तिला पाण्यात न्या.

वजनासाठी काट्याला लटकवायची गरजच नाही. लांबी आणि पोटाचा घेर इंचात घ्या, घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ८००, उत्तर पौंडात. तुमची ३९ इंची, घेर १९ धरला तर साडेसतरा पौंडांच्या वर, म्हणजे आठ किलो. मापायची सुतळी खिशात मावते.

सोडताना पुढेमागे हलवणारे खूप दिसतील. मागे ओढलं की पाणी कल्ल्यांतून उलटं जातं. त्यापेक्षा तोंड प्रवाहाकडे करून नुसतं धरून ठेवा, भरती असो की ओहोटी, पाणी आपणहून कल्ल्यांतून जाऊ द्या. पाच मिनिटं लागली तर लागू द्यात. आसपास डॉल्फिन फुसकारत असेल तर मात्र त्या रात्री गळ गुंडाळा आणि दुसरीकडे जा. ते दिव्याखाली तुमचीच वाट बघत असतात.

थंडीबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. जानेवारी २०१० मध्ये इथे दिवसेंदिवस थंडी राहिली आणि स्नूकचा खच पडला, कारण ही उष्ण पाण्यातली मासळी आहे. त्यानंतर आखाताच्या बाजूला २०१३ पर्यंत एकही ठेवायची परवानगी नव्हती. त्यामुळे थंडीची लाट आली की गारठून सुस्तावलेल्या स्नूकवर गळ टाकू नका. सहज लागतात, हे खरं.

पुढच्या वेळी ओठ धरून थांबलात की एक क्षण येतो: ती तुमच्या अंगठ्यावर जबडा आवळते. दात नसतात, नुसता काचकागद. तेव्हाच हात सोडा. अंगठा दोन दिवस सोललेला राहील आणि लिंबू पिळताना चांगलाच झोंबेल.