तोरणांना लाइक मिळतात, ऑर्डर नाही

प्रश्न: मी क्रोशाची तोरणं विणते. गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या आठवड्यात इन्स्टाग्रामवर फोटो टाकले. लाइक भरपूर, ऑर्डर दोनच. काय चुकलं?

उत्तर: मुख्य चूक वेळेची. त्या आठवड्यात गिऱ्हाईक तयार तोरण दुकानातून घेऊन मोकळं होतं. पितृपक्षात खरेदी थंड असते, तेव्हा विणतानाचे उभे रील टाका. घटस्थापनेला ऑर्डर सुरू करा, कोजागरीला बंद. पुढचे पंधरा दिवस विणकाम आणि कुरियरला लागतातच. एका तोरणाला दोन दिवस लागत असतील तर घटस्थापना ते लक्ष्मीपूजन या साधारण तीस दिवसांतून कुरियरचे पाच दिवस सोडून बाराच ऑर्डर घ्या आणि हा आकडा पोस्टमध्ये लिहा.

फोटोत लाल-केशरी लोकरीचा नुसता डाग दिसतो, खांब-साखळ्या (क्रोशाचे टाके) दिसत नाहीत. सकाळी खिडकीजवळ, फ्लॅशशिवाय फोटो काढा; मोबाइलच्या स्क्रीनवर लाल भागावर बोट टेकवून उजेड थोडा कमी करा. एक फोटो दारावर टांगलेला हवाच, नाहीतर आकार कळत नाही.

किंमत मेसेजमध्ये विचारायला लावू नका, अनेक जण तिथूनच परत फिरतात. लांबी (३६ इंच), झालर (६ इंच), सुती की अ‍ॅक्रिलिक, धुता येतं का, किंमत, कुरियर खर्च: सगळं फोटोखालीच लिहा.