वाचकांचे प्रश्न : ब्रूस डिकिन्सनचा गळा आणि त्याचे विमान

मागील अंकात आवाजाची निगा या विषयावर लिहिताना मी 'आयर्न मेडन' या इंग्लिश हेवी मेटल बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन याचा ओझरता उल्लेख केला होता. भजनी बुवांच्या घशाविषयी चाललेल्या लेखात हा साहेब कुठून उपटला, असा सूर काही पत्रांत होता, तर काहींनी त्याच्याविषयी आणखी लिहावे असा आग्रह धरला होता. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

माझा मुलगा कानात बोंडे घालून ही गाणी ऐकतो. मी एकदा ऐकून पाहिले, तर नुसता आरडाओरडा. आमचे बुवाही डबल बारीत (दोन भजनी मंडळांच्या सामन्यात) टिपेला जातात, परंतु त्याला आम्ही गाणे म्हणतो. डिकिन्सनच्या ओरडण्याला गाणे का म्हणायचे? (एक वाचक, कणकवली)

आपला प्रश्न मला मनापासून आवडला, कारण उत्तर त्यातच अर्धे दडलेले आहे. मी तरुणपणी आमच्या वाडीच्या भजनी मंडळात पेटी वाजवीत असे. रूपाचा अभंग संथ लागायचा आणि गजराला बुवा काळी पाच या उंच पट्टीत अशा ठिकाणी पोहोचायचे, की झांजा आणि पखवाज यांच्या कल्लोळातूनही त्यांचा शब्द अंगणाच्या कडेला बसलेल्या म्हातारीला कळायचा. नवशिक्याने तेच करू जाता दुसऱ्या दिवशी घसा बसायचा. बुवांचा बसत नसे, कारण ते गळ्याच्या जोरावर नव्हे तर पोटातून घेतलेल्या श्वासाच्या आधारावर गात असत आणि वरच्या स्वराला जाताना तोंडाचा आकार बदलीत असत. डिकिन्सन हेच करतो. वरच्या पट्टीतही त्याचा आवाज पातळ होत नाही, छातीचा भरीवपणा टिकवून ठेवतो. इंग्लंडमध्ये त्याला विमानहल्ल्याच्या भोंग्याची उपमा मिळाली, ती याच गुणामुळे.

हा गळा त्याने कोणाच्या ऐकण्यातून घडवला, तेही सांगण्यासारखे आहे. त्याचा जन्म ७ ऑगस्ट १९५८ रोजी नॉटिंगहॅमशायरमधील वर्कसॉप या गावी झाला. आजोबा कोळशाच्या खाणीत कामाला होते आणि सुरुवातीची काही वर्षे तो त्यांच्याकडेच वाढला. पुढे औंडल येथील निवासी शाळेत असताना दुसऱ्या एका मुलाच्या खोलीतून डीप पर्पल या बँडचे गाणे त्याच्या कानावर आले आणि त्यांचा गायक इयान गिलन याच्या आवाजाने तो भारावून गेला. (त्याच शाळेतून त्याला पुढे काढून टाकण्यात आले. कारण होते मुख्याध्यापकांच्या जेवणाशी केलेली एक खोडी, जिचा तपशील मी या मासिकात छापणार नाही.) नंतर लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात तो इतिहास शिकला, १९७९ मध्ये 'सॅमसन' या बँडमध्ये गाऊ लागला आणि १९८१ च्या रीडिंग महोत्सवात त्याचे गाणे ऐकून आयर्न मेडनचे व्यवस्थापक रॉड स्मॉलवुड यांनी त्याला आपल्याकडे चाचणीसाठी बोलावले. पॉल डिआनो या आधीच्या गायकाचा आवाज खरबरीत आणि खालचा होता. डिकिन्सन आल्यावर बँडचे गाणे एकदम वर चढले आणि मार्च १९८२ मध्ये आलेला त्यांचा 'द नंबर ऑफ द बीस्ट' हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

त्या अल्बमच्या शीर्षकगीतामागचा एक प्रसंग डिकिन्सन स्वतः सांगतो. गाण्याच्या आरंभी काही हळुवार, जवळजवळ कुजबुजत म्हटलेल्या ओळी आहेत. निर्माता मार्टिन बर्च याने त्या ओळी त्याच्याकडून तासन् तास पुन्हा पुन्हा गाऊन घेतल्या. कारण एकच, स्वर बरोबर येत होते परंतु ओळींत जीव येत नव्हता. वैतागलेल्या डिकिन्सनने स्टुडिओतील खुर्च्या भिरकावल्या आणि अखेरीस त्या ओळींच्या शेवटी जी दीर्घ किंचाळी आली, ती आज जगभर ओळखली जाते. आपण ऐकलेला आरडाओरडा बहुधा हाच असावा. आता कृपया मुलाकडून ती बोंडे मागून घ्या आणि त्याच अल्बममधले शेवटचे गाणे ऐका. फाशीची वाट पाहणाऱ्या कैद्याचे ते मनोगत आहे. घंटेच्या टोल्यांवर ते अगदी खालच्या स्वरात सुरू होते आणि कैद्याची घालमेल वाढत जाईल तसतसा आवाज वर जातो. अभंगापासून गजरापर्यंतची चढण ज्याने शंभर वेळा ऐकली आहे, त्याला ही वाट अनोळखी वाटणार नाही.

ही मंडळी सैतानाची उपासना करतात असे म्हणतात, ते खरे आहे काय? (एक वाचक, मालवण)

नाही. १९८२ च्या त्या अल्बमच्या नावात बायबलमधील सैतानी श्वापदाचा आकडा येतो, त्यावरून अमेरिकेत काही धार्मिक गटांनी निदर्शने केली, रेकॉर्डही जाळल्या, परंतु ते शीर्षकगीत बँडचा संस्थापक स्टीव्ह हॅरिस याने एक भयपट पाहून पडलेल्या दुःस्वप्नावरून लिहिले होते. दशावतारात रंगमंचावर येणारा संकासुर पाहून आपण त्या नटाला असुराचा भक्त ठरवीत नाही.

एवढे यश मिळत असताना डिकिन्सन १९९३ मध्ये बँड का सोडून गेला, आणि गेला तर परत का आला? मी फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांचा मुंबईचा कार्यक्रम पाहण्यासाठी रात्रीच्या गाडीने गेलो होतो, तेव्हापासून हा प्रश्न मनात आहे. (एक वाचक, रत्नागिरी)

आपण नशीबवान आहात. १ फेब्रुवारी २००८ चा वांद्रे-कुर्ला संकुलातील तो कार्यक्रम त्यांच्या जगभराच्या दौऱ्यातला पहिलाच होता.

सोडून जाण्याचे बीज मला १९८४-८५ च्या दौऱ्यात दिसते. 'पॉवरस्लेव्ह' या अल्बमनंतर सुमारे अकरा महिन्यांत त्यांनी पावणेदोनशेहून अधिक कार्यक्रम केले. दिवाळीनंतर सुरू झालेला दशावताराचा फड मिरगापर्यंत गावोगाव रात्री जागवतो, तेव्हा शेवटच्या जत्रेतला नट कसा दिसतो हे आपण रत्नागिरीहून थोडे खाली आलात तर पाहू शकाल. डिकिन्सन त्या दौऱ्यानंतर इतका थकला होता की गाणेच सोडण्याचा विचार त्याच्या मनात येऊन गेला. पुढच्या अल्बमसाठी त्याने वेगळ्या, ध्वनिक गिटारच्या अंगाने जाणाऱ्या रचना आणल्या, त्या हॅरिसने नाकारल्या आणि १९८६ च्या त्या अल्बममध्ये त्याचे एकही गीत आले नाही. माझ्या मते दुरावा तिथेच पडला होता, बाहेर दिसायला सात वर्षे लागली. मधल्या काळात, १९९० मध्ये, त्याने स्वतःचा पहिला अल्बम काढला. ऑगस्ट १९९३ मध्ये पाइनवुड स्टुडिओत त्याचा निरोपाचा कार्यक्रम चित्रित झाला आणि त्यात एका जादूगाराने त्याला चक्क खिळ्यांच्या पेटीत घालून 'मारले'. नाटकीपणाचा कळस म्हणावा लागेल, परंतु तो त्याला शोभला.

बाहेर पडल्यावर त्याने काही अल्बम काढले आणि त्यांत १९९८ चा 'द केमिकल वेडिंग' मला सर्वांत सरस वाटतो. विल्यम ब्लेक या कवीच्या कल्पनासृष्टीवर तो बेतलेला आहे आणि डिकिन्सनच्या आवाजाची काळोखी बाजू तिथे जितकी ऐकू येते तितकी इतरत्र कुठेही नाही. डिसेंबर १९९४ मध्ये तो वेढा पडलेल्या सारायेव्होत जाऊन गायला, हेही याच काळातले. इकडे आयर्न मेडनने ब्लेझ बेली याला घेतले. बेली वाईट गायक नव्हता, त्याच्या आवाजाची नैसर्गिक पट्टी खालची होती आणि डिकिन्सनसाठी बांधलेली गाणी त्याला रोज गावी लागत होती. ज्याने दुसऱ्या बुवांच्या पट्टीत बारी निभावून पाहिली आहे, त्याला या माणसाविषयी कळवळा वाटल्यावाचून राहणार नाही.

१९९९ मध्ये डिकिन्सन आणि गिटारवादक एड्रियन स्मिथ दोघेही परतले. जागेवर असलेल्या गिटारवादकाला न काढता तीन गिटारवादक ठेवण्यात आले आणि २००० साली 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' आला. परत का आला, या प्रश्नाला माझे उत्तर असे की जाण्याआधी त्याला फक्त गायक व्हायचे नव्हते, आणि परत येईपर्यंत तो आणखी पुष्कळ काही झालेला होता. त्यामुळे गायनाची नोकरी त्याला कोंडून ठेवू शकत नव्हती.

दौऱ्याचे विमान तो स्वतः चालवतो, ही जाहिरातबाजी आहे की खरोखर? आमच्याकडे चिपीला विमान उतरू लागल्यापासून मुलांना या गोष्टींचे फार कुतूहल आहे. (एक वाचक, वेंगुर्ले)

खरोखर. ॲस्ट्रेयस या ब्रिटिश विमान कंपनीत तो वैमानिक होता, कॅप्टनच्या पदापर्यंत पोहोचला होता आणि सुट्टीवर निघालेल्या सामान्य प्रवाशांना घेऊन जात असे. त्यांपैकी कित्येकांना पुढे कोण बसले आहे याची कल्पनाही नसेल. २००६ मध्ये लेबनॉनमधील संघर्षात अडकलेल्या ब्रिटिश नागरिकांना परत आणण्याच्या उड्डाणातही तो होता. २००८ च्या दौऱ्यासाठी बोइंग ७५७ विमानाच्या मागील भागातील आसने काढून तिथे सुमारे १२ टन सामान बसेल अशी सोय केली गेली, म्हणजे वाद्ये, रंगमंच आणि माणसे एकाच विमानातून गेली. २०१६ मध्ये याहून मोठे ७४७ आले. चिलीतील सान्तियागो येथे ते जमिनीवर ओढून नेले जात असताना ओढणाऱ्या वाहनावर आदळले आणि त्याच्या इंजिनांची मोठी हानी झाली. त्या वेळी डिकिन्सन कॉकपिटमध्ये नव्हता, हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे.

वैमानिक आणि इतिहासाचा विद्यार्थी एकत्र आले की काय होते, याचा नमुना २०१५ च्या 'द बुक ऑफ सोल्स' या अल्बमच्या शेवटी आहे. 'एम्पायर ऑफ द क्लाउड्स' हे १८ मिनिटांचे गाणे डिकिन्सनने एकट्याने पियानोवर रचले. त्याचा विषय आर-१०१ हे वायूने भरलेले, हवेत तरंगणारे ब्रिटिश हवाई जहाज, जे ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी कार्डिंग्टनहून तेव्हाच्या हिंदुस्थानातील कराचीकडे निघाले आणि त्याच रात्री फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ कोसळले. जहाजावरील ५४ पैकी ४८ जण दगावले. वादळाची चिन्हे दिसत असताना नांगर उचलल्याची ही कथा वेंगुर्ल्याच्या वाचकाला भाषांतराशिवाय समजेल.

त्याला घशाचा कर्करोग झाला होता, असे वाचले. आमच्या भागात तंबाखू आणि मिश्रीमुळे हा रोग फार दिसतो. तो त्यातून बरा होऊन पुन्हा गाऊ कसा शकला? (एक वाचक, दापोली)

नेमके सांगायचे तर गाठ जिभेच्या मुळाशी होती आणि दुसरी मानेतील लसिकाग्रंथीत. फेब्रुवारी २०१५ मध्ये ही बातमी जाहीर झाली, सुमारे सात आठवडे किमोथेरपी आणि किरणोपचार झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात डॉक्टरांनी तो रोगमुक्त असल्याचे सांगितले. वर उल्लेखिलेला 'द बुक ऑफ सोल्स' निदानापूर्वीच गाऊन झालेला होता, म्हणजे त्यातला आवाज हा गाठ असतानाचा आवाज आहे. हे कळल्यानंतर मला तो पुन्हा शांतपणे ऐकता आलेला नाही.

त्याच्या बाबतीत कारण एचपीव्ही हा विषाणू होते आणि पुरुषांनी याविषयी संकोच न करता बोलावे म्हणून तो उघडपणे बोलत आला आहे. हा विषाणू स्त्रियांमधील गर्भाशयमुखाच्या कर्करोगालाही कारणीभूत असतो आणि त्याविरुद्ध लस उपलब्ध आहे. परंतु यावरून तंबाखूला निर्दोष ठरवू नये. आपण म्हणता ते खरेच आहे, आपल्याकडील तोंडाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण तंबाखू, आणि मिश्रीही त्यातच आली.

गाण्याविषयी म्हणाल तर किरणोपचाराने लाळ आटते आणि जिभेच्या मुळाशी काम झालेले असल्याने स्वरांचे आकार नव्याने बसवावे लागतात. तो घाई न करता थांबला. फेब्रुवारी २०१६ मध्ये फ्लोरिडात दौरा सुरू झाला तेव्हा वरच्या जागा त्याच्याकडे शाबूत होत्या, आणि २०२४ मध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्याने 'द मँड्रेक प्रोजेक्ट' हा स्वतःचा अल्बम काढला.

मी १९ वर्षांचा आहे. आम्ही मित्रांनी बँड काढला आहे आणि मी गातो. डिकिन्सनची कोणती गाणी आधी बसवावीत? (एक वाचक, देवगड)

पहिल्यांदा हा आवाज माझ्या कानी पडला तो १९८५ च्या गणपतीत. माझ्या चाकरमानी मावसभावाने मुंबईहून 'पॉवरस्लेव्ह'ची कॅसेट आणली होती आणि आम्ही ती पडवीत, पावसाच्या आवाजावर मात करण्यासाठी टेपरेकॉर्डर पत्र्याच्या डब्यावर ठेवून वाजवली होती. तिच्या शेवटी कोलरिज या इंग्लिश कवीच्या १७९८ च्या कवितेवर हॅरिसने बांधलेले, साडेतेरा मिनिटांहून मोठे गाणे आहे. शापित खलाशी, वारा पडलेला समुद्र, डोलकाठीशी ताटकळलेली तहानलेली माणसे. पुढच्या पावसाळ्यात त्या कॅसेटच्या फितीला बुरशी आली, परंतु तोवर ते गाणे मला पाठ झाले होते.

तू याच गाण्याने सुरुवात कर, असे मी सुचवीन. तू बंदरावरचा आहेस, शब्दांचा अर्थ तुला लागेल आणि किंचाळण्याच्या जागा त्यात कमी आहेत. मूळ पट्टी झेपली नाही तर गिटारवाल्यांना खुशाल दोन स्वर खाली उतरायला सांग, त्यात कमीपणा नाही. घशात टोचल्यासारखे झाले की त्या दिवसापुरता सराव तिथेच थांबव. आणि गणपतीच्या दिवसांत रात्री वाडीत आरत्या आणि भजने म्हणून आल्यावर बँडच्या सरावाला बसू नकोस. मी एका वर्षी तसे केले होते आणि अनंत चतुर्दशीला माझ्या गळ्यातून 'मोरया'सुद्धा निघाले नाही.